अपत्य प्रक्रियेचा शेवट कसा झाला?

काम सोपवून पाठविलेला मुलगा परत येऊन 'काम झाले' असे सांगतो, ही एक गोष्ट; तो वाटेतच अडला आणि निरोपच आला नाही, ही अगदी वेगळी गोष्ट. निरोप नाही म्हणजे सर्व कुशल, असे कोणतेही पालक मानणार नाहीत. संगणकाचा प्रोग्राम लिहिणारा मात्र ही चूक सहज करून बसतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. या परंपरेतील लिनक्समध्येही चालू असलेल्या प्रोग्रामला 'प्रक्रिया' म्हणतात. 'फोर्क' वापरून एक प्रक्रिया दुसरीला जन्म देते. पहिली जनक, दुसरी अपत्य. अपत्य संपले की त्याचा अखेरचा निरोप प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, जपून ठेवतो. जनकाने 'वेट' किंवा 'वेटपिड' वापरून तो घ्यावयाचा असतो. तो घेईपर्यंत अपत्याची नोंद प्रक्रियांच्या तक्त्यात पडून राहते. अशा नोंदीस 'झोम्बी' म्हणतात.

हा निरोप एका पूर्णांकाच्या रूपात येतो. परंतु त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी साठविलेल्या असतात. अपत्य स्वतःहून ३ हा क्रमांक देऊन संपले, तर लिनक्समध्ये जनकाच्या हाती ७६८, म्हणजे ३ गुणिले २५६, येतात. ९ क्रमांकाच्या सिग्नलने ते मारले गेले, तर नुसते ९ येतात. नवशिका २५६ ने भागून भागाकारच पाहतो. ९ ला २५६ ने भागले की भागाकार ०; आणि ० म्हणजे तर यश! मारले गेलेले अपत्य अशा रीतीने यशस्वी ठरते.

समजा, शिष्यवृत्तीची यादी तयार करणारे अपत्य मेमरी अपुरी पडल्यामुळे कर्नलने मध्येच बंद केले. जनक 'यादी पूर्ण' असे जाहीर करतो आणि उरलेल्या मुलांची नावे कोणाच्या लक्षात न येता गळून पडतात.

म्हणून क्रम पाळावा. प्रथम 'वेटपिड'ने उणे १ तर दिले नाही ना, हे पाहावे. दिले असल्यास निरोप मिळालेलाच नाही. मग 'डब्ल्यू-इफ-एक्झिटेड'ने अपत्य स्वतःहून संपले का, हे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तरच 'डब्ल्यू-एक्झिट-स्टेटस'ने क्रमांक वाचावा व तो ० आहे का, हे पाहावे. एरवी 'डब्ल्यू-इफ-सिग्नल्ड'ने खात्री करून 'डब्ल्यू-टर्म-सिग'ने सिग्नलचा क्रमांक घ्यावा.

ऐकीव गोष्ट स्वतः पारखल्यावाचून स्वीकारू नये, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. या शाळेत तो ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याने संगणकापुढे बसतानाही तो विसरू नये. हाती आलेले शून्य हे खरोखरच यशाचे शून्य आहे काय, एवढा प्रश्न त्याने प्रत्येक वेळी विचारावा.