आज्ञेने पाठाचे रूपांतर



संगणकावर टंकलेला पाठ एका यंत्रावर नीट दिसतो आणि दुसऱ्यावर विस्कटतो, हा अनुभव आपणांपैकी अनेकांस असेल. वर्षानुवर्षे कष्टाने सिद्ध केलेली टाचणे एकाच प्रकारच्या फाइलीत अडकून पडणे हिताचे नाही. यावर ‘पॅनडॉक’ हा विनामूल्य कार्यक्रम उपयोगी पडतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविणारे जॉन मॅकफार्लेन यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. त्यास बटणे नाहीत. आज्ञा टंकावयाची व ती पार पाडून घ्यावयाची, एवढाच व्यवहार.

कृती

१. वर्डमधील पाठ स्वतंत्र फोल्डरात ठेवावा. फाइलीचे नाव लहान असावे; मध्ये जागा सोडू नये.

२. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सीडी’ या आज्ञेने त्या फोल्डरात जावे.

३. एका ओळीत, इंग्रजी अक्षरांत, क्रमाने चार गोष्टी टंकाव्यात : कार्यक्रमाचे नाव, मूळ फाइलीचे पूर्ण नाव, आडवी रेघ जोडलेले लहान ‘ओ’ अक्षर आणि नव्या फाइलीचे नाव. प्रत्येकीनंतर एक जागा सोडावी व शेवटी एंटर दाबावे.

नव्या नावाचे शेपूट पाहून कार्यक्रम रूप ठरवितो. ‘ईपब’ लिहिल्यास भ्रमणध्वनीवर वाचण्याजोगे पुस्तक होते. ‘एचटीएमएल’ लिहिल्यास ब्राउझरात उघडणारे पान होते. काम सुरळीत झाल्यास पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. येथे मौन हीच संमती समजावी.

दक्षता

मथळा केवळ ठळक व मोठा केल्याने तो मथळा ठरत नाही. आपला डोळा फसतो, कार्यक्रम फसत नाही. वर्डमधील ‘हेडिंग १’ ही शैली दिली असेल तरच ईपबमध्ये प्रकरणे पडतात. अर्थात, पाठाची रचना आधी आपल्याच मनात स्पष्ट हवी.

युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा. अन्यथा देवनागरीच्या जागी निरर्थक अक्षरे उतरतात. पीडीएफ वाचणे या कार्यक्रमास जमत नाही. पीडीएफ करावयाची तर लाटेकसारखा जुळणीचा कार्यक्रम सोबत लागतो.

सर्वांत महत्त्वाचे : नव्या फाइलीस आधीच असलेले नाव देऊ नये. एका शाळाभेटीत मी पाहिले की, घाईत दुसऱ्याच पाठाचे नाव टंकले गेले आणि कार्यक्रमाने काही न विचारता तो जुना पाठ पुसून टाकला. प्रत दुसरीकडे नव्हती. त्या शिक्षकाची अनेक दिवसांची मेहनत क्षणात गेली. म्हणून मूळ प्रत प्रथम वेगळी ठेवावी, मगच आज्ञा द्यावी.

स्वाध्याय : केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या एका पाठाचे ईपब करून आणावे. चुकले तरी आणावे; चुकांवरच चर्चा करू.