फ्लॅशचं तोंड जरा वळव गं

ये, बस. दिवाणावर सगळं मांडू नकोस, कुणाचा तरी पाय पडेल. वहिनीच्या मंगळागौरीचे फोटो तूच काढायचे असं काकूंनी परस्पर ठरवून टाकलंय म्हणे. आणि तू लगोलग बोरा बाजार गाठून फ्लॅश घेऊन आलीस. महागातला घेतला नाहीस, हे फार बरं केलंस. आत्ता दोनच गोष्टी हव्यात: डोकं सगळीकडे फिरायला हवं आणि ताकद हाताने कमी-जास्त करता यायला हवी. माळ्यावरचा बाबांचा जुना फ्लॅश मात्र कॅमेऱ्यावर चढवू नकोस. रोलच्या जमान्यातले काही फ्लॅश खालच्या टोकाशी शंभर-दोनशे व्होल्ट सोडतात, डिजिटल कॅमेरा त्यात कायमचा बसू शकतो.

आता ऐक. फ्लॅश सरळ तोंडावर मारलास, की वहिनीचं कपाळ चकाकणार, नथीची काळी सावली गालावर पडणार, पैठणीची जर पांढरीफट्ट होणार आणि मागच्या भिंतीवर सगळ्यांची भुतं उभी राहणार. फ्लॅशची काच बोटभर, आणि ती लेन्सच्या डोक्यावरच बसलेली. मग दुसरं काय होणार? तेच फ्लॅशचं डोकं छताकडे वळव. आता वहिनीवर पडतो तो छतावरून परतलेला प्रकाश, म्हणजे तुझा दिवा छताएवढा झाला. अगदी डोक्यावरून आला तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, म्हणून थोडं मागे, तुझ्या खांद्यावरून, एका बाजूला झुकव.

फोटोग्राफीची पुस्तकं इथेच थांबतात, कारण त्यांच्या घरांच्या भिंती पांढऱ्या असतात. आपल्याकडे? गिरगावातल्या वहिनीच्या खोलीचं छत लाकडी आणि उंच. लाकूड बराच प्रकाश गिळतं, उरलेला तांबूस करून परत देतं. भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, त्यावरून फ्लॅश परतवलास तर सगळ्या बायका कावीळ झाल्यासारख्या दिसतील. म्हणून सकाळीच जा आणि कपाटाच्या वरून एक पांढरी चादर सोड. कपाटाला आरसा असेल तर तोही झाकला जाईल, तुझा स्वतःचा लखलखाट फोटोत यायचा नाही. त्या चादरीकडे पाठ करून उभी राहा आणि फ्लॅशचं तोंड तिच्याकडे कर. लोअर परळच्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली असती, तर याहून सोपं. खोली लहान असली की प्रकाशाला लांब जावं लागत नाही. जागा नाही म्हणून कुरकुरतात, पण फ्लॅशला तीच खोली मानवते.

आकडे हवेत ना? आयएसओ 800, अ‍ॅपर्चर 4, शटर 1/60, फ्लॅश 1/8 वर. उंच छतावरूनच परतवावा लागला तर आयएसओ 1600 कर. इथून पुढे बघत बघत बदल. शटर खोलीतल्या उजेडासाठी. ते हळू केलंस की गौरीपुढची समई फोटोत जिवंत राहते. फ्लॅशची चमक इतकी क्षणिक असते की शटरने तिच्यात फरक पडत नाही. ती सांभाळायची अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि तिच्या स्वतःच्या ताकदीने. फक्त शटर 1/200 च्या पुढे नेऊ नकोस, फोटोत काळा पट्टा येईल. तेवढ्या वेगात शटरचे पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात. ताकद आपोआप ठरवणारं टीटीएलचं बटण आज रात्री विसर. कार्यक्रमात खोली-गॅलरी अशी धावपळ झाली तर खुशाल लाव, पण शिकायचं हातानेच.

फुगडीला खरी मजा. कमी ताकदीवर चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपते, त्यामुळे गिरक्या घेणारी वेणी हवेत थांबते. पण थेट मारू नकोस. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, मग जवळची मावशी चुना फासल्यासारखी आणि पलीकडची वहिनी अंधारात. पूर्ण ताकदही नको, पुढची चमक तयार होईपर्यंत फुगडी संपलेली असेल.

होमाई व्यारावाला माहीत आहेत ना? जे. जे. मध्ये शिकल्या, मुंबईतच सुरुवात केली, देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या काळी फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, मग फेकून नवा लावायचा. साडीवर, अवजड कॅमेरा घेऊन, पुरुषांच्या गर्दीत. तुला त्या मानाने काय गं, एक काका सांभाळायचेत. ते येणारच, "अगं समोरून मार ना!" म्हणत. "हो काका," म्हण आणि फ्लॅश चादरीकडेच ठेव.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तिच्या डोळ्यांवर चुकूनही चमकवू नकोस. आरतीला फ्लॅश बंद. पुढच्या महिन्यात गणपती बघायला गणेशगल्लीत गेलीस तर तो पिशवीतच ठेव. देखाव्याची रोषणाई पोरांनी रात्री जागून बसवलेली असते, तिच्यावर आपला उजेड कशाला ओतायचा?

आणि एक, आपल्यातच. फोटो चांगले आले की शेजारचं कुणी बारशाला बोलावेल. पैसे सांग. आत्ताच आकडा ठरवून ठेव, नाहीतर ऐनवेळी "राहू द्या हो" म्हणशील, मला माहितीये तू कशी आहेस ते. आता ती पितळेची कळशी आण, फ्लॅशचं डोकं फिरवून फिरवून तिचे फोटो काढ. चमक कुठून येते ते तिच्या पोटावर लगेच दिसतं. सेल आठ आहेत ना? चार आत, चार पिशवीत. सगळे रात्रीच चार्जिंगला लाव, तुझ्या मोबाइलच्या आधी.