जठरदाह : औषध आणि पथ्य

कपाशीच्या वेचणीचे दिवस आले म्हणजे एरंडोल तालुक्यांतील घरोघरीं आम्ही एक गोष्ट पाहतों. दिवसभर वाकून कंबर धरते. म्हणून पहांटे उपाशी पोटींच चहाबरोबर अंगदुखीची गोळी गिळावयाची आणि शेताची वाट धरावयाची. पुढें कांहीं दिवसांनीं छातीखालीं जळजळ सुरू होते, मळमळतें, अन्नावरची वासना जाते. मग "पित्त झालें" असें म्हणून सोडा पितात. गोळी मात्र चालूच राहते. ह्या दुखण्याचें मूळ काय व त्यावर उपाय कोणता, ह्याचा आज विचार करूं.

अन्न पचविण्याकरितां जठरांत तीव्र आम्ल तयार होतें. त्यानें जठराचें अस्तर भाजूं नये म्हणून अस्तरावर बुळबुळीत थर असतो. हें रक्षण दुबळें झालें म्हणजे अस्तरास सूज येते, हाच जठरदाह. त्याचीं मुख्य कारणें तीन : अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्यांसारख्या गोळ्या, दारू, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु.

इतक्या आम्लांत जंतु जगणें शक्य नाहीं, असें पूर्वी बहुतेक डॉक्टर समजत. ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल हे तो जंतु वाढविण्याची खटपट करीत होते, पण यश येईना. १९८२ सालीं ईस्टरच्या सुट्टीमुळें त्यांच्या काचेच्या ताटल्या नेहमींपेक्षां अधिक दिवस तशाच राहिल्या, आणि त्यांत जंतु वाढलेले दिसले. तरी पुष्कळांस तें पटेना. तेव्हां १९८४ सालीं मार्शल स्वतः ते जंतु प्याले. थोड्याच दिवसांत त्यांस वांत्या झाल्या व तपासांत जठरदाह दिसून आला. २००५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्यावरून बोध हा कीं, कारण ओळखून औषध घ्यावें. गोळ्यांमुळें दाह झाला असेल, तर त्या सोडल्यावांचून गुण नाहीं. मात्र हृदयरोगाकरितां दिलेली अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांस विचारल्यावांचून बंद करूं नये. ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल आम्ल कमी करितें. तें बहुधा जेवणापूर्वीं अर्धा तास घ्यावयाचें असतें. जंतु असल्याचें शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीनें कळतें. मग त्यासोबत जंतुनाशक औषधें बहुधा चौदा दिवस देतात. पांचव्या दिवशीं बरें वाटलें म्हणून तीं सोडणें ही मोठी चूक होय. उरलेले जंतु त्या औषधास दाद देईनासे होतात. औषध संपल्यावर चार आठवड्यांनीं पुन्हा तपासून घ्यावें. सोड्यानें घटकाभर बरें वाटतें, पण रोग जात नाहीं; शिवाय त्यांतील क्षार रक्तदाबाच्या रोग्यास अपायकारक आहे.

आतां पथ्याविषयीं. मिरची हें रोगाचें मूळ नव्हे, परंतु सुजलेल्या अस्तरास ती झोंबते. म्हणून बरें वाटेपर्यंत ठेचा व तर्रीची शेवभाजी दूर ठेवावी. भाकरी सोडण्याचें कारण नाहीं. भरीतहि मिरची कमी घालून सोसेल तितकें खावें. मऊ भात, मुगाचें वरण, दुधी, केळें हीं बहुतेकांस मानवतात. थोडें थोडें खावें, रात्रीं उशिरां जेवूं नये, उपाशी पोटीं चहा घेऊं नये. दारू व विडी अजिबात वर्ज्य करावीं. हा जंतु तोंडावाटे पोटांत जातो. म्हणून शौचानंतर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे आणि पाणी शुद्ध असावें. पण पथ्यानें आराम पडतो, जंतु मरत नाहीं, हें विसरूं नये.

शेवटीं एक इशारा. डांबरासारखें काळें शौच, रक्ताची वांती, गिळतांना अडचण किंवा कारणावांचून रोडावणें, हीं साधीं पित्ताचीं लक्षणें नव्हेत. लोहाच्या गोळ्यांनींहि शौच काळें होतें, परंतु तो निर्णय डॉक्टरांनीं करावा. छातींत दाबल्यासारखें दुखून घाम सुटला, तर सोडा शोधीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. वेचणी एक दिवस राहिली तरी चालेल. वेचणारा माणूस राहिला पाहिजे.