घरगुती चित्रफीत आणि अंकीय तबकडी

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल असे एक साधन अनेक घरांतील कपाटात पडून असते, ते म्हणजे जुन्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. हळदीची गाणी, उखाणे, विहिणींची थट्टा आणि आज हयात नसलेल्या आजीच्या बोलीतला हेल त्यात मुद्रित झालेला असतो. हे मुद्रण फितीवरच ठेवावे की अंकीय तबकडीवर उतरवावे, याचा विचार या उपघटकात आपण करणार आहोत.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेली व्हीएचएस पद्धत घरगुती चित्रणासाठी सर्वत्र रूढ झाली. या पद्धतीत अर्धा इंच रुंदीच्या प्लॅस्टिकच्या फितीवर चुंबकीय कणांचा थर असतो. चित्र व ध्वनी यांचे चढउतार त्या थरावर चुंबकत्वाच्या रूपाने उमटतात. कॅसेट लावली की फीत यंत्राच्या फिरत्या हेडवर घासत जाते. म्हणजे प्रत्येक वेळी पाहण्याने ती थोडी झिजते. दमट हवेत कण धरून ठेवणारा थर चिकट होतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर फितीवर बुरशी धरते, आणि अशी कॅसेट लावल्यास ती बुरशी हेडला चिकटून पुढच्या चांगल्या कॅसेटचेही नुकसान करते.

याहून मोठी उणीव नकलेची आहे. एका कॅसेटवरून दुसरी करताना चित्र थोडे पुसट होते व खरखर वाढते. दुसरीवरून तिसरी केली की उखाण्यातले शब्दही नीट कळत नाहीत.

डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. तिच्यावर हेच चित्रण शून्य आणि एक या अंकांत साठवलेले असते. लेसर किरण ते अंक स्पर्श न करता वाचतो, त्यामुळे पाहण्याने झीज होत नाही. मूळ अंकांबरोबर काही जादा अंक नोंदलेले असल्याने लहानशा ओरखड्याने गेलेला मजकूर यंत्र पुन्हा जुळवून घेते. नक्कल अंकांची असल्यामुळे दहावी प्रतही पहिलीसारखीच निघते. त्यामुळे भावंडांत एकच कॅसेट कोणाकडे राहावी हा वादही उरत नाही! १२ सेंटिमीटर व्यासाच्या, एका थराच्या तबकडीत ४.७ गिगाबाइट, म्हणजे साधारण दोन तासांचे चित्रण मावते. हवा तो प्रसंग फीत पुढेमागे न फिरवता थेट काढता येतो.

मात्र तबकडीवर उतरवल्याने मूळचे पुसट चित्र सुधारत नाही, हे ध्यानात ठेवावे. घरी मुद्रित करावयाच्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. उन्हात व उष्णतेत तो खराब होतो. म्हणून किमान दोन प्रती करून त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. तबकडी अमर आहे म्हणून नव्हे, तर ती खराब होण्यापूर्वी दुसरी तशीच करता येते म्हणून ती श्रेयस्कर आहे.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीर कमी होत आहेत. शिवाय तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.

कृती : परिचितांकडील एक जुनी कॅसेट मिळवून ती तबकडीवर उतरवून घ्या. तिच्यातील उखाणे बोलीतील उच्चारांसह लिहून काढा. कोण बोलत आहे, गाव कोणते, वर्ष कोणते, हे घरातील ज्येष्ठांना विचारून प्रत्येक उखाण्यासमोर नोंदवा.