सप्ताह झाला, चवथ झाली, आणि पेटी कपाटावर

वास्कोत श्रावणातला दामोदर भजनी सप्ताह जवळ आला की नव्याने गायला बसणारे बरेच असतात. नाव सप्ताह असलं तरी देवळात भजन चालतं ते सलग २४ तास, आणि पथकांमागून पथकं बसत असल्याने त्याआधीचे काही आठवडे घराघरांत रोज पेटी उघडली जाते. मग चतुर्थी येते. साफसफाईत पेटी कपाटावर चढते, माणसं पेडण्याला, डिचोलीला मूळ घरी जातात आणि परत आल्यावर पेटी खाली काढायची राहून जाते. अशा मोडलेल्या रियाझाची घडी पुन्हा बसवायची ती अशी.

आधी पेटी खाली काढा. त्या दिवशी गायचं नाही, एवढंच काम करायचं. झाकण उघडून ती वाऱ्याला ठेवा, उन्हात मात्र नको, लाकूड तडकतं. पावसाळ्याच्या दमटपणाने पट्ट्या फुगून अडकतात. अडकलेली पट्टी जोराने दाबू नका, तेलही सोडू नका. कुठलीही पट्टी न दाबता भाता हलवा, मग एकेक पट्टी दाबून पाहा. एखादा सूर आपोआप वाजत राहिला किंवा पट्टी दाबूनही एखादा अजिबात वाजला नाही, तर पेटी दुरुस्तीला द्यावी लागेल. पण ती परत येईपर्यंत थांबू नका, मोबाइलवरचा तानपुरा पुरतो. दुरुस्तीच्या नावाखाली महिना जातो, हे मी फार घरांत पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी बसा. घटस्थापना, दिवाळीचा पाडवा असा मुहूर्त शोधू नका. एरवी काळी एकमध्ये गात असाल तर आज पांढरी एक धरा. खंडानंतर बोटं लवकर वळतात, दम मात्र उशिरा परततो, आणि जुन्या पट्टीत ओढून गायलं की घसा बसतो व दोन दिवसांत पुन्हा सुट्टी पडते. नुसता ‘सा’ लावा, मग खर्जाकडे उतरा. शेवटी पाठ असलेला एकच अभंग, आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात, टाळी देत, संथ म्हणा. नवा अभंग पहिल्या आठवड्यात नकोच. दहा मिनिटं भरली की पेटी मिटा, आणखी गावंसं वाटत असलं तरीही.

वेळ कशी ठरवायची, यावर सगळं अवलंबून आहे. बंदरात, शिपयार्डात, दाबोळीच्या विमानतळावर पाळीने काम करणाऱ्याला ‘रोज सात वाजता’ कधीच जमणार नाही. त्याने घड्याळ सोडावं आणि रोज होणाऱ्या कामाला रियाझ जोडावा : पाळीवरून आल्यावर आंघोळ, आंघोळ झाली की पेटी. घरी असणाऱ्यांना तिन्हीसांजेची दिवाबत्ती आहेच. आणि पेटी कपाटावर नव्हे, बसायच्या जागीच राहू द्या.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा अभ्यास २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून शेजाऱ्याचं महिन्यात बसलं आणि तुमचं बसलं नाही, तरी घाबरू नका. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं करून भरपाईही करू नका. दहाच करा.

दोन आठवडे टिकलात की भजन शिकवणाऱ्या बुवांकडे जा. खंड पडला होता हे सरळ सांगा आणि पुढे बसून गाण्याऐवजी झील धरायला मागे बसा. चारजणांच्या आवाजात आपला सूर लवकर स्थिर होतो.

पुढच्या चतुर्थीची सोय आत्ताच करा. गावच्या घरी पेटी नसेल, पण आरत्या असतील. त्या ओरडून न म्हणता पट्टी ठरवून, ठेका धरून म्हणा. तो त्या दिवसाचा रियाझ धरावा. आणि वास्कोला परतल्यावर बॅगा सोडण्याआधी पेटी उघडा.