समुद्राची पातळी वाढतेय, काळजी कोणाला जास्त?



समुद्राची पातळी वाढत आहे हे आपण भूगोलात शिकतो. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात ती सरासरी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. पाणी तापलं की प्रसरण पावतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, ही त्याची दोन मुख्य कारणं. पण याची काळजी कोणाला जास्त वाटते, स्त्रियांना की पुरुषांना? हा प्रश्न पुस्तकात नाही, म्हणून आज तोच घेऊया.

समुद्राची वाढ हा हवामान बदलाचाच एक परिणाम. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ अ‍ॅरन मॅक्राइट यांनी हवामान बदलाविषयी लोकांनी गॅलपच्या सर्वेक्षणांत आठ वर्षं दिलेली उत्तरं तपासली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. स्त्रियांना काळजी जास्त वाटते असं दिसलं, पण फरक थोडाच होता.

आता लगेच "बायका हळव्याच असतात" असं म्हणून मोकळे होऊ नका! कारण माहिती कोणाला किती आहे, हेही त्यांनी पाहिलं. स्त्रियांची उत्तरं शास्त्रज्ञांच्या मताशी जास्त जुळत होती. गंमत पुढेच आहे. "तुम्हाला हा विषय किती समजतो?" या प्रश्नावर मात्र स्त्रियांनीच स्वतःला जास्त कमी लेखलं होतं.

हे वाचून मला माझाच वर्ग आठवला. वहीत उत्तर अचूक असतं, पण हात वर होत नाही. आणि अशा मुलीच जास्त असतात.

मग हा फरक कशामुळे? मुलंबाळं, नोकरी, घरकाम यांमुळे असेल असं वाटतं ना? मॅक्राइट यांना तरी तसं आढळलं नाही. म्हणजे कोडं सुटलेलं नाही.

काही ठिकाणी मात्र प्रश्न नुसत्या काळजीचा उरलेला नाही. बांगलादेशात खुलना भागात समुद्राचं खारं पाणी विहिरी-तळ्यांत शिरतं. घरात पाणी आणायचं काम बहुतेक बायका-मुलींचं. गोडं पाणी लांब गेलं की वाट त्यांचीच वाढते. तिथे बंधारा कुठे हवा, हे ठरवताना त्यांना कोणी विचारतं का?

उपक्रम: उद्या वर्गात समुद्राच्या पातळीवर पाच प्रश्न विचारा. आधी "मला किती येतं" ते प्रत्येकाने दहापैकी गुण देऊन चिठ्ठीवर लिहायचं, मग उत्तरं. तपासताना दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडा, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. मीही सोमवारी करणार आहे.