इसारापूर्वी खसरा

जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून निवृत्त होणारा कर्मचारी ग्रॅच्युइटीची रक्कम हाती येताच शहराच्या वेशीवर भूखंड शोधू लागतो. तेथे मराठी कुटुंबे सवयीने सातबारा विचारतात. मध्य प्रदेशात मात्र खसरा व बी-1 हे उतारे मागावे लागतात. जमीन मूळची शेतीची असल्यास निवासी वापरासाठी तिचे ‘डायव्हर्शन’ झाले आहे काय, आणि नझूल असल्यास पट्ट्याची मुदत किती उरली आहे, हेही पाहावे.

खरी फसगत होते ती मुखत्यारपत्रावर. भाव कमी, मुद्रांक शुल्काचीही बचत; मोह पडणे स्वाभाविकच! परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले, की विक्रीचा करार, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या आधारे स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत विक्रीखतच हवे. अशा भूखंडावर गृहकर्ज मिळणे दुरापास्त असते. मूळ मालकाच्या निधनानंतर त्याच्या वारसांनी हक्क सांगितल्यास खरेदीदाराच्या हाती पावतीखेरीज फारसे काही उरत नाही.

500 चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर भूखंड पाडले असतील, तर प्रकल्पाची नोंद भोपाळच्या रेरा प्राधिकरणाकडे आहे काय, ते तपासावे. 2016 च्या रेरा कायद्यानुसार, नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. इसाराची रक्कम धनादेशानेच द्यावी. विक्रीखत झाल्यावर महसुली दप्तरी फेरफार, म्हणजे तेथील भाषेत ‘नामांतरण’, विनाविलंब करून घ्यावा.